प्रत्येक ठोक्याचा हिशेब



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी उभी हयात कानाला स्टेथोस्कोप लावून हृदयाचं निदान केलं. त्यांच्या पिढीला हृदय ऐकू यायचं, आमच्या पिढीला ते दिसू लागलं. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे ती त्याच्या पुढची पायरी आहे: हृदयाचं हलतं चित्र संगणकानं पाहणं आणि त्यावरून मोजमाप सांगणं.

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला की बाहेर थांबलेले नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, पंपिंग किती आहे?" प्रश्न अगदी नेमका असतो. हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला महाधमनीत ढकललं गेलं, त्याची ही टक्केवारी. कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिलिलिटर रक्त होतं आणि आकुंचनात ७२ बाहेर पडलं, तर पंपिंग ६० टक्के. निरोगी हृदयही सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के हे नॉर्मल धरलं जातं.

या एका आकड्यावर किती काय अवलंबून असतं ते पाहा. आकडा ४० किंवा त्याखाली असेल तर हार्ट फेल्युअरच्या औषधांचा एक ठरावीक संच सुरू होतो. पुरेसे महिने औषधं घेऊनही तो ३५ च्या वर येत नसेल, तर छातीत आयसीडी, म्हणजे जीवघेणे अनियमित ठोके थांबवणारं यंत्र, बसवण्याचा विचार करावा लागतो, आणि त्या यंत्राचा खर्च लाखांत जातो. स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रॅस्टुझुमॅब घेणाऱ्या बाईचं पंपिंग दहा टक्क्यांनी घसरून ५० च्या खाली गेलं, तर कर्करोगाचं औषध थांबवायचं का, हा प्रश्न उभा राहतो. ३४ आणि ३८ यांतला फरक कागदावर चारचाच असतो, पेशंटच्या घरात तो फार मोठा होतो.

आता हा आकडा काढतात कसा? नियमानं काढायचा तर डॉक्टर व्हिडिओ थांबवतात, कप्पा सर्वांत भरलेला असतो ती फ्रेम निवडतात, मग सर्वांत आकसलेला असतो ती निवडतात, आणि दोन्हींवर आतल्या भिंतीची कड हातानं आखतात. मशीन त्या आकाराच्या एकावर एक रचलेल्या पातळ चकत्या कल्पून आकारमान काढतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन असेल, तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. भरलेल्या ओपीडीत हे होत नाही. अनुभवी डोळा दोन-तीन ठोके पाहतो आणि सांगतो, पस्तीस. हा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. पण त्याच पेशंटला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तज्ज्ञानं पाहिलं, तर पाच-सात टक्क्यांचा फरक पडणं नेहमीचं आहे, आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतो असंही नाही. कड धूसर असते, फुप्फुसातली हवा आड येते, बरगड्यांची सावली पडते, आणि छातीवर टेकवलेला प्रोब जरासा तिरका झाला तर कप्पा आखूड दिसतो.

काय दिसतंय हे नक्की कसं ठरवायचं, हा प्रश्न इकोच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झालेल्या पेशंटवर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे आधी कळण्यासाठी त्यांना साधन हवं होतं. त्यांची गाठ पडली हेलमुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी. नोबेल मिळवणारे गुस्ताव हर्ट्झ हे त्यांचे वडील. त्या काळी जहाजबांधणीच्या कारखान्यांत लोखंडातल्या न दिसणाऱ्या भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचं यंत्र वापरत. बाजारात मडकं घेताना आपण ते वाजवून पाहतो, तेच काम, फक्त कानाला न येणाऱ्या आवाजानं. ते यंत्र या दोघांनी छातीवर टेकवलं, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदले गेले. पडद्यावर एक रेषा ठोक्याबरोबर वरखाली होत होती. ती डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या, भिंतीकडून येते आहे असं एडलर यांना आधी वाटलं होतं. ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाळीची हालचाल आहे, हे पुढे मृतदेहांवर पडताळून पाहिल्यावर निश्चित झालं. यंत्रानं रेषा अचूक काढली होती. ती कशाची, हे ठरवायला पडताळणी लागली.

संगणकाला हे पाहणं कसं शिकवलं, ते एका प्रयोगाच्या आधारानं सांगतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड ओयांग, ब्रायन ही, जेम्स झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इकोनेट-डायनॅमिक' नावाची प्रणाली बांधली. तिचा शोधनिबंध २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यांनी इकोचे १०,०३० व्हिडिओ घेतले, सगळे एकाच कोनातले. डाव्या स्तनाग्राखालून प्रोब लावला की हृदयाचे चारही कप्पे एका चित्रात दिसतात, तो हा कोन. प्रत्येक फ्रेम लहान करून ११२ बाय ११२ बिंदूंची केली. चित्राच्या कडेला पेशंटची माहिती आणि इतर मजकूर छापलेला असतो, तो आधी पुसून टाकला. मग या व्हिडिओंवर संगणकातल्या नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या प्रणालीच्या, दोन शिकवण्या झाल्या.

पहिली शिकवणी कड ओळखण्याची. इथे एक अडचण होती. व्हिडिओत शेकडो फ्रेम असतात, पण रोजच्या कामात तज्ज्ञानं कड आखलेली असते ती फक्त दोन फ्रेमवर, भरलेल्या आणि आकसलेल्या. मधल्या सगळ्या फ्रेम कोऱ्या. संशोधकांनी कुणाला बसवून त्या आखून घेतल्या नाहीत. दोन टोकं पाहून शिकलेल्या नेटवर्कलाच मधल्या फ्रेम दिल्या आणि ते त्यांवरही नीट कड आखू लागलं. त्यामुळे कप्पा प्रत्येक क्षणी केवढा होता याचा अखंड आलेख मिळाला, आणि व्हिडिओत किती ठोके आहेत, प्रत्येक कुठे सुरू होतो, तेही त्यातून आपोआप कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोजच्या घाईत करून ठेवलेलं काम इतकं पुढे नेता येतं, ही मला या संशोधनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुसरी शिकवणी पंपिंगचा आकडा थेट सांगण्याची. हे नेटवर्क एकेका फ्रेमवर थांबत नाही, सलग फ्रेमचा तुकडा एकत्र पाहतं. आकार कसा आहे आणि तो काळाबरोबर कसा बदलतो, या दोन गोष्टी ते वेगवेगळ्या पायऱ्यांनी हिशेबात घेतं. या नेटवर्कची सुरुवातीची तयारी हृदयावर झालेली नव्हती. माणसं पोहताहेत, वाद्यं वाजवताहेत, अशा रोजच्या हालचालींच्या हजारो व्हिडिओंवर ते आधी तयार झालं होतं, आणि त्या तयारीवर हृदयाची हालचाल शिकवली गेली. हालचाल पाहण्याची नजर एकीकडून दुसरीकडे नेता येते, हे यातून दिसलं. मग प्रत्येक ठोक्याचा आकडा वेगळा काढून त्यांची सरासरी घ्यायची. मार्गदर्शक सूचना सांगतात आणि ओपीडीत जमत नाही, ते इथे न थकता होतं.

निकाल असा, की स्टॅनफर्डच्या न पाहिलेल्या व्हिडिओंवर तज्ज्ञांच्या आकड्याशी सरासरी ४.१ टक्क्यांचा फरक पडला. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाचे व्हिडिओ दिले तेव्हा तो ६.० वर गेला. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा अशी माझी विनंती आहे. रुग्णालय बदललं, मशीन बदललं, प्रोब धरणारा हात बदलला, की चूक वाढते. तीसुद्धा त्याच देशात, त्याच राज्यात.

आणखी एक गोष्ट सावध करते. याच गटाच्या आधीच्या कामात असं दिसलं, की इकोच्या चित्रावरून संगणक पेशंटचं वय आणि स्त्री-पुरुष हेही बऱ्यापैकी ओळखतो. आम्हा डॉक्टरांना चित्र पाहून ते सांगता येत नाही. म्हणजे तो आम्ही पाहत नाही असं काहीतरी पाहतो. यात शोधाची शक्यता आहे तशी फसगतीचीही आहे. वयावरून रोगाचा अंदाज बांधून तो बरोबर उत्तर देत असेल, तर ते हृदय पाहून दिलेलं उत्तर नव्हे, आणि कमी वयाचा आजारी माणूस समोर आला की तो चुकेल. तंत्रज्ञांना हे ठाऊक आहे, म्हणून नेटवर्कनं चित्रातला कोणता भाग पाहून निर्णय दिला याचे नकाशे ते काढतात. असे नकाशे मागण्याचा हक्क डॉक्टरांनी सोडू नये.

तंत्र चालतं म्हणजे ते पेशंटच्या उपयोगी पडतं असं होत नाही. औषधाची जशी आंधळी चाचणी घेतात तशी याची घ्यायला हवी होती, आणि ती घेतली गेली. सीडर्स-सायनायमध्ये ३,४९५ इको तपासण्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटात पंपिंगचा पहिला अंदाज इको काढणाऱ्या सोनोग्राफरनं आखला, दुसऱ्यात संगणकानं. दोन्ही आखण्या पडद्यावर सारख्याच दिसत. मग हृदयरोगतज्ज्ञानं तो अंदाज पाहून हवी तर दुरुस्ती करायची, पण अंदाज कुणाचा हे त्याला सांगायचं नाही. सोनोग्राफरच्या अंदाजात पाच टक्क्यांहून मोठी दुरुस्ती करावी लागली ती २७.२ टक्के तपासण्यांत. संगणकाच्या अंदाजात १६.८ टक्के. अंदाज माणसाचा की यंत्राचा, असं तज्ज्ञांना विचारलं तेव्हा ४३.४ टक्के वेळा त्यांनी सांगता येत नाही असं उत्तर दिलं, आणि बरोबर ओळखलं ते जेमतेम ३२.३ टक्के वेळा. हे निष्कर्ष २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेकडो दाव्यांत इतकी प्रामाणिक चाचणी क्वचितच दिसते, म्हणून या विषयावर माझा विश्वास बसला तो याच चाचणीमुळे.

पण या चाचणीची जागाही ओळखली पाहिजे. ती एका रुग्णालयात झाली, एकाच आकड्याची झाली, आणि तिथल्या कामाच्या पद्धतीवर बेतलेली होती. अमेरिकेत प्रोब हातात घेतो तो सोनोग्राफर, आणि नंतर डॉक्टर ते चित्र पुन्हा पाहतो. म्हणजे प्रत्येक इकोवर दोन नजरा फिरतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डॉक्टर स्वतःच प्रोब धरतो, तोच पाहतो, तोच सही करतो. दुसरी नजर नसतेच. तिथे यंत्रानं माणसाच्या पहिल्या नजरेची जागा घेतली. इथे ते दुसरी नजर होऊ शकेल, आणि माझ्या मते आपल्यासाठी ती अधिक मोलाची आहे. मात्र त्या उपयोगाची चाचणी वेगळी घ्यावी लागेल. तिथला निकाल आणून इथे चिकटवता येणार नाही.

तसंच हृदयाच्या मापांचं. वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी माणसांची मापं एकाच पद्धतीनं घेतली, तेव्हा आशियाई लोकांच्या जवनिका सरासरीनं लहान निघाल्या. टक्केवारीला याचा फार फटका बसत नाही. पण कप्पा वाढला आहे का, भिंत जाड झाली आहे का, असे प्रश्न विचारले की कुणाच्या मापानं, हे विचारावंच लागतं. परक्या मापावर शिकलेलं यंत्र आपल्या बाईचा वाढलेला कप्पा नॉर्मल म्हणून सोडून देऊ शकतं.

म्हणून एक साधी मागणी मी सगळ्या सहव्यावसायिकांसमोर ठेवतो. इकोच्या क्लिप जपून ठेवा. आपल्याकडे पेशंटच्या हाती पडतो तो रिपोर्टचा कागद आणि फार तर दोन-चार स्थिर चित्रं. हलते व्हिडिओ मशीनमध्येच राहतात, आणि जागा भरली की कित्येक ठिकाणी पुसले जातात. स्टॅनफर्डला दहा हजार व्हिडिओ मिळाले ते त्यांनी रोजच्या कामातले इको नीट साठवले होते म्हणून, आणि नावं काढून ते इतर संशोधकांना खुलेही केले. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत होणारे इको पेशंटची संमती घेऊन, ओळख पुसून साठवले, तर इथली हृदयं पाहिलेलं यंत्र घडवता येईल. आपण साठवले नाहीत, तर दुसऱ्यांच्या हृदयांवर शिकलेलं यंत्र विकत घ्यावं लागेल.

आतापर्यंत बोललो ते चित्र वाचण्याबद्दल. चित्र मुळात काढायचं कुणी? प्रोब धरायला शिकण्यात महिने जातात, आणि इको करणारे डॉक्टर मोठ्या शहरांत एकवटले आहेत. इथेही डीप लर्निंगनं, म्हणजे अशाच शिकणाऱ्या नेटवर्कनं, वाट काढली आहे. प्रोब जरा फिरवा, थोडा वर न्या, आता थांबा, अशा सूचना पडद्यावर देणारी प्रणाली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एफडीएनं फेब्रुवारी २०२० मध्ये मान्य केली. सोनोग्राफीचा काहीही अनुभव नसलेल्या आठ नर्सना थोडं प्रशिक्षण देऊन तिच्या मदतीनं २४० पेशंटचे इको काढायला लावले. डाव्या जवनिकेचा आकार आणि काम, आणि हृदयाभोवती पाणी साठलं आहे का, हे ठरवण्याइतकं चांगलं चित्र ९८.८ टक्के पेशंटमध्ये मिळालं.

हे ऐकल्यावर कुणाच्याही मनात येईल, की मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या हाती असा प्रोब का देऊ नये? महाराष्ट्रात याचं उत्तर कायद्यापाशी येऊन थांबतं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यानुसार सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदलेलं लागतं, ते चालवणारी व्यक्ती पात्रताधारक लागते, आणि हातात मावणारी, कुठेही नेता येणारी यंत्रं वापरण्यावर तर आणखी कडक बंधनं आहेत. हृदयासाठी घेतलेलं यंत्रही याच चौकटीत येतं. काही सहकारी याबद्दल चिडून बोलतात. मी त्यांच्यातला नाही. राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २०११ च्या जनगणनेत ८९४ उरल्या. हे पाप याच यंत्राच्या आधारानं झालं, आणि ते करणाऱ्यांत डॉक्टर होते. कायदा सैल करा, असं म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्या व्यवसायाला नाही.

पण चित्र ओळखणारं तंत्र इथे वेगळी शक्यता दाखवतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी इकोचे १५ वेगवेगळे कोन ओळखायला संगणकाला शिकवलं. लहान केलेल्या एकट्या चित्रांवर त्यानं ९१.७ टक्के कोन बरोबर ओळखले, तज्ज्ञांना ७०.२ ते ८४ टक्के जमले. (तज्ज्ञ एरवी अशी चिमुकली एकटी चित्रं पाहत नाहीत, त्यामुळे ही तुलना त्यांच्यावर थोडी अन्यायाचीच आहे.) समोर आहे ते हृदय आहे, हे इतक्या खात्रीनं ओळखता येत असेल, तर हृदयाखेरीज काहीही समोर आलं की पडदा बंद होईल आणि केलेल्या प्रत्येक तपासणीची नोंद सरकारी सर्व्हरवर जाईल, असा प्रोब बनवणं अशक्य वाटत नाही. तो फसवता येतो का, हे कायद्याच्या बाजूनं लढणाऱ्या कार्यकर्त्यांनीच आधी तपासावं. त्यांनी मान्यता दिली, तर आणि तरच, नियमांत त्याला जागा द्यावी.

हे एवढं सांगण्याचं कारण एक आजार आहे. लहानपणी घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग होतो, काही मुलांना त्यामागून र्‍हुमॅटिक ताप येतो, सांधे दुखतात, बरे होतात, आणि झडपेवर घाव राहतो. एडलर ज्या अरुंद मायट्रल झडपेसाठी यंत्र शोधत होते, ती बहुतेक वेळा याच तापाची देणगी असे. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास गेला. आपल्याकडे तो आजही आहे, आणि पुष्कळदा सापडतो तो मुलगी मोठी होऊन पहिल्या बाळंतपणात दम लागू लागला म्हणजे. त्याआधी अनेक वर्षं तिच्या झडपेतला बारीक दोष इकोवर दिसला असता, स्टेथोस्कोपला तो ऐकू येत नाही.

लवकर सापडून उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर युगांडानं दिलं. तिथे शाळाशाळांतून इको करून झडपेत सुरुवातीचा, लक्षणं नसलेला दोष असलेली ८१८ मुलं निवडली गेली. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा दोष वाढला होता, घेतलेल्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा. हा निष्कर्ष २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. औषध जुनं आणि स्वस्त आहे. अडतं ते मूल सापडण्यावर, आणि तिथेच झडपेतून मागे गळणारं रक्त, प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉपलरच्या व्हिडिओत ओळखायला संगणकाला शिकवण्याचं काम युगांडातल्या मुलांच्याच इकोवर सुरू झालं आहे.

शाळांच्या आरोग्य तपासणीत मुलांचे दात, डोळे, वजन पाहिलं जातं. त्यात इकोची चाचणी घ्यायची तर आदिवासी तालुक्यांतल्या आश्रमशाळांपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. सुरुवातीला नोंदलेल्या यंत्रावर डॉक्टरांनीच इको काढावा, संगणकानं तो वाचावा, आणि तोच व्हिडिओ संगणकाचं उत्तर न बघता दुसऱ्या तज्ज्ञानंही वाचावा. दोन वर्षांत कळेल, की आपल्या मुलांच्या झडपांवर यंत्र किती चुकतं, आणि कुठल्या बाजूला चुकतं. त्याच वेळी तालुक्याच्या रुग्णालयात बेन्झाथिन पेनिसिलिनचा साठा बारा महिने राहील आणि दर चार आठवड्यांनी ते देणारी सिस्टर नेमलेली असेल, याची तजवीज तपासणीचा पहिला दिवस उजाडण्याआधी झालेली असावी.